तासाभराचे बेट

'उष्ण कटिबंधातील बेट' असे शब्द कानावर पडले की आपल्या डोळ्यांसमोर मॉरिशस येते, मालदीव येते, फार तर लक्षद्वीप येते. तेथे जायचे तर तिकीट हवे, रजा हवी आणि मुख्य म्हणजे पैसा हवा, तेव्हा हा विषय आपला नव्हे, असे म्हणून आपण पान उलटतो. पण भूगोलाचे पुस्तक उघडले तर वेगळीच गोष्ट दिसते. कर्कवृत्त साडेतेवीस अक्षांशावर आहे. ते गुजरात आणि मध्य प्रदेशातून जाते, म्हणजे आपले सारे कोकण त्याच्या खाली, उष्ण कटिबंधात येते. हर्णैचा किनारा अठरा अक्षांशाच्या किंचित दक्षिणेस आहे. तेव्हा हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग, मालवणचा सिंधुदुर्ग, मुरुडचा जंजिरा ही सगळी शास्त्रार्थाने उष्ण कटिबंधातील बेटेच आहेत, आणि त्यांपैकी पहिले तर आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यात आहे.

महाविद्यालयाच्या सहली अशा ठिकाणी जातात. आठ दिवस आधी वर्गणी गोळा होते, एस.टी.ची गाडी ठरते, डबे बांधले जातात, वाटेत गाण्यांच्या भेंड्या होतात. प्रत्यक्ष बेटावर मात्र तासभरच राहायला मिळते. सिंधुदुर्गावर नेणाऱ्या होड्यांचा रिवाज साधारण तेवढाच आहे आणि सुवर्णदुर्गावरही होडीवाला त्याहून फारसा थांबत नाही. मग त्या तासात काय होते? पहिली पंधरा मिनिटे दरवाजात फोटो काढण्यात जातात, पुढची पंधरा सावली शोधण्यात, उरलेली चिवडा खाण्यात. परत आल्यावर कोणी विचारले, "काय पाहिलेस?" तर उत्तर मिळते, "किल्ला पाहिला." हे उत्तर खोटे नाही, पण त्यात काही सांगितलेलेही नाही.

थोड्या वेळाचा मुक्काम सार्थकी कसा लावावा, हा या लेखाचा विषय आहे. उदाहरण म्हणून सुवर्णदुर्ग घेतला आहे, कारण तो आपल्या जवळचा आहे आणि त्याच्याइतके थोड्या जागेत पुष्कळ सांगणारे बेट सहसा आढळत नाही.

मुक्काम आखूड का?

होडीवाल्याला घाई असते म्हणून आपल्याला वेळ मिळत नाही, अशी अनेकांची समजूत असते. होडीवाल्याचे हित त्यात असते हे खरे, तथापि वेळ ठरवणारे खरे धनी दोन आहेत, भरती-ओहोटी आणि वारा.

आपल्या किनाऱ्यावर चोवीस तासांत दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून दुसरीपर्यंत साधारण बारा तास पंचवीस मिनिटे जातात, त्यामुळे भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. हे गणित कोकणातल्या माणसाने पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ ठेवले आहे, ते असे की तिथीला पाऊणने गुणावे, म्हणजे भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, तेव्हा पहाटे तीनला आणि दुपारी तीनला पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता, दशमीला साडेसातला. पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर पंधरा धरावे, म्हणजे सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून एक, दोन असे मोजायचे. भरतीच्या वेळेत सव्वासहा तास मिळवले की ओहोटीची वेळ निघते.

हा नियम का चालतो तेही समजून घेण्याजोगे आहे. भरती मुख्यतः चंद्राच्या ओढीने येते आणि आपली तिथीही चंद्रावरूनच ठरते. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंतच्या पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तास पुढे जाते. बारा तासांचे पंधरा भाग केले तर प्रत्येक तिथीच्या वाट्याला अठ्ठेचाळीस मिनिटे येतात. तोंडी हिशेबाला सोपे पडावे म्हणून त्याचे पंचेचाळीस, म्हणजे पाऊण तास केले. उत्तर अर्थातच अंदाजाचे येते, अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण सहल आखायला ते पुरेसे आहे. घरातल्या भिंतीवरची दिनदर्शिका आणि पाऊणकीचा पाढा एवढ्या सामग्रीवर आपण समुद्राचे वेळापत्रक मांडू शकतो.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी फार चढते आणि फार उतरते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ही चढउतार कमी असते, तो भांग. उधाणात आपल्या किनाऱ्यावर पाणी पुरुषभर उंचीहून अधिक वरखाली होते. म्हणजे सकाळी ज्या खडकावरून उतरलो तो दुपारी पाण्याखाली गेलेला असू शकतो. होडीवाला "आता निघा" म्हणतो तेव्हा त्याच्या मनात हा हिशेब असतो.

दुसरा धनी वारा. पावसाळा संपल्यानंतरच्या महिन्यांत पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. ऊन चढले, जमीन तापली की वारा फिरतो आणि समुद्रावरून खारे वारे येऊ लागतात. त्यामुळे सकाळी पाणी बहुधा शांत असते आणि दुपारनंतर त्यावर लाटा उठतात. पावसाळ्यात बेटावर जाण्याचा विचारच करू नये. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीलाही बंदी असते, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्यावर कोळी बांधव नव्या हंगामाची सुरुवात करतात. जो समुद्रावर जगतो तो ज्या दिवसांत बाहेर पडत नाही, त्या दिवसांत आपण हौसेने बाहेर पडण्यात शहाणपण नाही.

या दोन्ही गोष्टी जुळवल्या तर सुवर्णदुर्गासाठी दिवस कोणता निवडावा? हिवाळ्यातली पंचमी किंवा षष्ठी चांगली. पंचमीला भरती पावणेचारला, म्हणजे ओहोटी सकाळी दहाच्या आसपास. वारा अजून मवाळ असतो आणि तटाचा पाया उघडा पडलेला असतो. होडी थोडी दूर थांबेल, पाण्यातून चालत जावे लागेल, पण जे पाहायचे आहे ते दिसेल. पायांत बूट नकोत, साध्या चपला बऱ्या.

प्रश्न घेऊन जाणारा प्रवासी

वेळ थोडा असला तर काय साधते, याचे एक मोठे उदाहरण विज्ञानाच्या इतिहासात आहे. चार्ल्स डार्विन 'बीगल' जहाजावरून १८३१ ते १८३६ अशी जगप्रदक्षिणा करून आला. तिच्या अखेरीस, एप्रिल १८३६ मध्ये, जहाज हिंदी महासागरातल्या कीलिंग बेटांपाशी थांबले. मुक्काम अवघा बारा दिवसांचा. ही प्रवाळांची बेटे, माडांनी भरलेली, मध्ये उथळ खाजण असलेली. तेथे उतरण्याआधीच डार्विनच्या मनात एक प्रश्न आणि त्याचे संभाव्य उत्तर तयार होते. प्रवाळाचे जीव उथळ पाण्यातच जगतात, मग खोल महासागरात ही कंकणाकृती बेटे उभी राहिली कशी? त्याचे उत्तर असे की मधला डोंगर हळूहळू खचत गेला आणि प्रवाळ त्याच वेगाने वर वाढत राहिले. विशेष म्हणजे ही कल्पना त्याला दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, खरे प्रवाळबेट पाहण्यापूर्वीच सुचली होती.

त्यामुळे कीलिंगला पोचल्यावर काय पाहायचे हे ठरलेले होते. बेटाच्या बाहेरच्या अंगाने पाण्याची खोली मोजायची. कप्तान फिट्झरॉयने २२०० यार्डांवर, म्हणजे किनाऱ्यापासून सुमारे दोन किलोमीटरवर, ७२०० फूट दोर सोडला तरी तळ लागला नाही. बेट हे उथळ तळावरचा ढिगारा नसून अतिशय उंच सुळक्याचा माथा आहे, हे त्यावरून दिसले. १८४२ मध्ये डार्विनने प्रवाळांवरचे पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे १९५२ मध्ये पॅसिफिकमधल्या एनिवेटोक बेटावर खोल भोके पाडण्यात आली, तेव्हा चार हजार फुटांहून अधिक जाडीच्या प्रवाळी थराखाली ज्वालामुखीचा खडक लागला, आणि डार्विनचा तर्क खरा ठरला.

आपण डार्विन नाही आणि आपल्याला बारा दिवसही नाहीत. पण रीत घेता येते. थोड्या वेळात सगळे पाहण्याचा हव्यास धरला तर काहीच हाती लागत नाही. एक प्रश्न ठरवून गेलो तर त्या प्रश्नाच्या आसपासचे पुष्कळ आपोआप दिसते. सुवर्णदुर्गासाठी असे तीन प्रश्न येथे देत आहे. सहलीतल्या मंडळींनी तीन गट करावेत, प्रत्येकाने एक प्रश्न घ्यावा आणि संध्याकाळी एकत्र बसून उत्तरे जुळवावीत.

पहिला प्रश्न: गड पडला कोणत्या बाजूने?

सुवर्णदुर्गाचे क्षेत्र सुमारे आठ एकर आहे. शिवकाळात तो मराठ्यांकडे आला व बळकट करण्यात आला. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे ते एक मोठे ठाणे झाले. कान्होजी १७२९ मध्ये वारले. त्यांच्या मुलांत वाटण्या आणि भांडणे झाली, आणि या बाजूचा कारभार शेवटी तुळाजी आंग्र्यांकडे आला. तुळाजी आणि पेशवे नानासाहेब यांचे बिनसले. मार्च १७५५ मध्ये पेशव्यांच्या वतीने रामाजी महादेव यांनी इंग्रजांशी करार केला आणि एप्रिलच्या आरंभी कमोडोर विल्यम जेम्स आपले ४४ तोफांचे 'प्रोटेक्टर' जहाज व इतर गलबते घेऊन सुवर्णदुर्गावर आला.

जेम्सने प्रथम पश्चिमेकडून, म्हणजे खुल्या समुद्राच्या बाजूने तोफा डागल्या. त्यांचा फारसा परिणाम झाला नाही. ओहोटीच्या वेळी गडाच्या त्या अंगाला नीट पाहिले तर कारण कळते. तटाचा खालचा भाग रचलेला नाही, तो बेटाच्या मूळ खडकातूनच तासून काढलेला आहे, आणि त्यावर चिऱ्यांची भिंत चढवली आहे. खडकाला खिंडार पडणार कसे? मग जेम्सने जहाजे फिरवली आणि बेट व किनारा यांमधल्या पाण्यात आणली. तेथून त्याने गडावर तोफा चालवल्या. गोळ्यांनी आत आग लागली, ती दारूच्या कोठाराला भिडली, मोठा स्फोट झाला आणि गड हाती आला.

येथे एक गोष्ट ध्यानात येते. किनाऱ्यावर हर्णैला कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला असे तीन लहान दुर्ग आहेत. बेटाची पाठराखण करावी, मधल्या पाण्यात शत्रूला शिरू देऊ नये, हे त्यांचे काम. गडाचा महादरवाजाही त्याच किनाऱ्याकडच्या अंगाला, दोन बुरुजांच्या आड लपवलेला आहे. होडीतून जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही. बांधणाऱ्यांनी धरलेला हिशेब उघड आहे, शत्रू समुद्राकडून येईल आणि जमीन आपली असेल. १७५५ मध्ये हाच हिशेब चुकला, कारण जमिनीवरचे राज्य आणि समुद्रावरचा शत्रू एकत्र आले होते. पश्चिमेचा अभंग खडक आणि पूर्वेचा तट दोन्ही पाहून आलेल्या विद्यार्थ्याला हे पुस्तकातून शिकवावे लागत नाही.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, विजयदुर्ग पडला आणि आंग्र्यांचे आरमार जळाले. मराठ्यांच्या समुद्री सत्तेला त्यानंतर पूर्वीचा जोर आला नाही.

दरवाजाशी उभे राहिल्यावर पायरीवरचे कोरलेले कासव आणि तटातला मारुती पाहायला विसरू नये. कासवाचा अर्थ काय, यावर जाणकार वेगवेगळी मते देतात. आपण निदान त्याचे रेखाचित्र वहीत काढून आणावे. फोटो एका क्षणात निघतो. चित्र काढायला पाच मिनिटे लागतात, आणि त्या पाच मिनिटांत आपण ती वस्तू खरोखर पाहतो.

दुसरा प्रश्न: पाणी कोठून येत होते?

चहूकडे समुद्र आणि पिण्याला थेंब नाही, अशी बेटाची स्थिती असते. मग येथे शिबंदी राहिली कशी? सिंधुदुर्गावरच्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या विहिरी प्रसिद्ध आहेत. सुवर्णदुर्गावरही विहीर व पाण्याचे हौद आहेत. खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोडे पाणी लागले की आपण त्याला चमत्कार म्हणून मोकळे होतो. पण त्यामागे साधे कारण आहे, आणि ते समजल्याने बांधणाऱ्यांबद्दलचा आदर वाढतोच.

बेटावरचे गोडे पाणी म्हणजे पावसाचे पाणी. ते खडकाच्या भेगांतून आणि सच्छिद्र थरांतून खाली मुरते. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असते. समुद्राचे पाणी शेकडा अडीच ते तीन भाग जड, एवढाच फरक, पण तो पुरतो. मुरलेले गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. जमीन सर्वत्र सारखी सच्छिद्र असेल तर गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा एक फूट वर असल्यास खाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी साठते, असे शास्त्रज्ञांनी दाखवले आहे. आपल्याकडचा काळा खडक इतका एकसारखा नसतो, भेगा जेथे असतील तेथेच पाणी. म्हणूनच विहिरीची जागा निवडणे हे मोठ्या अनुभवाचे काम होते. शिवाय उपसा जास्त झाला की खालचे खारे पाणी वर चढते आणि गोडी विहीर नासते. दोर कितीदा सोडायचा याला तेथे शिस्त असणे भाग होते.

आता थोडा हिशेब करू. आठ एकर म्हणजे सुमारे ३२ हजार चौरस मीटर. पाऊस वर्षाला अडीच मीटर धरला, तर बेटावर पडणारे पाणी आठ कोटी लिटर भरते. एका माणसाला पिण्यास व स्वयंपाकास दिवसाला पाच लिटर दिले, तर हजार माणसांना वर्षभर सव्वाअठरा लाख लिटर लागते. म्हणजे पडणाऱ्या पावसातला शंभरातला दोन-तीन भाग जरी धरून ठेवता आला तरी हजार माणसे वर्षभर तग धरतील. पाऊस मुबलक होता. तो चार महिन्यांत कोसळणार आणि उरलेले आठ महिने कोरडे जाणार, ही खरी अडचण होती, आणि तिच्यावर हौद व विहिरी हा उपाय होता. तेव्हा या प्रश्नाच्या गटाने हौद कोठे आहे, त्याच्याकडे जमिनीचा उतार कसा येतो, लाटांचे तुषार त्यात पडू नयेत म्हणून तो तटापासून किती आत घेतला आहे, हे पाहावे आणि पावलांनी मोजून नकाशा काढावा.

तिसरा प्रश्न: दगड का झिजला?

कोकणातल्या समुद्री किल्ल्यांच्या तटांत एक विचित्र दृश्य दिसते. चिरा आतून खाल्ल्यासारखा होतो, त्यात मधाच्या पोळ्यासारखी भोके पडतात, आणि दोन चिऱ्यांमधला चुना मात्र कड्यासारखा बाहेर उभा राहतो. दगड गेला आणि चुना राहिला, हे उलटे कसे?

हे काम मिठाचे. लाटांचे तुषार दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतात. ऊन लागले की पाणी उडून जाते, मीठ मागे राहते आणि त्याचे स्फटिक बनतात. स्फटिक वाढताना आतून दगडाच्या कणांना रेटतात. रोज भिजणे, रोज वाळणे असे शेकडो वर्षे चालले की कण सुटत जातात. लाटेच्या तडाख्यापेक्षा हे मुके काम अधिक नाश करते. म्हणून अशा भिंतीवर आज नव्या सिमेंटची लांबी भरणे धोक्याचे ठरते. सिमेंट फार घट्ट असते, ते ओलावा बाहेर पडू देत नाही, आणि मीठ शेजारच्या जुन्या दगडात अधिकच साचते. जुना चुना थोडा श्वास घेणारा असतो. दुरुस्ती जुन्याच पद्धतीच्या चुन्याने करावी, असा जाणकारांचा आग्रह असतो त्याचे कारण हे आहे.

तिसऱ्या गटाने तटाच्या समुद्राकडच्या आणि आतल्या अंगाच्या चिऱ्यांची तुलना करावी. हात लावून पाहावे, खरवडून पाहू नये.

आणखी एक तासाभराचा पाहुणा

या बेटावर थोडा काळ थांबून पुढे गेलेल्या एका प्रवाशाची आठवण ठेवणे आवश्यक आहे. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी पुण्याजवळ यशवंतराव होळकरांनी पेशव्यांच्या व शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरे बाजीराव पुणे सोडून पळाले, महाडकडे उतरले आणि सुवर्णदुर्गाच्या आश्रयाला आले. तेथून इंग्रजांच्या साहाय्याने ते समुद्रमार्गे वसईला गेले, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्यांनी वसईचा तह केला. पेशव्यांनी इंग्रजांची फौज पदरी घेतली, म्हणजे प्रत्यक्षात स्वतःच इंग्रजांच्या पदरी गेले. १८१८ मध्ये पेशवाई संपली.

१७५५ आणि १८०२ या दोन सालांत फक्त ४७ वर्षांचे अंतर आहे. ज्या गडावरचे आपलेच आरमारी ठाणे मोडण्यासाठी एका पेशव्याने इंग्रजांना बोलावले, त्याच गडाच्या आडोशाने त्याचा पुतण्या इंग्रजांचे साहाय्य मागत निघून गेला. जवळ स्वतःचे समर्थ आरमार असते तर त्याला कोणाच्या जहाजाची वाट पाहावी लागली असती का, हा विचार त्या तटावर उभे राहून मनात आल्यावाचून राहत नाही. इतिहासाच्या परीक्षेत 'वसईच्या तहाची कारणे' लिहिताना आपण शिंदे-होळकरांचे वैर लिहितो आणि ते बरोबरच आहे. पण एक कारण या आठ एकरांवरही लिहिलेले आहे.

इंग्रजांनी मात्र हे बेट विसरले नाही. कमोडोर जेम्स १७८३ मध्ये वारला. त्याच्या पत्नीने १७८४ मध्ये लंडनच्या आग्नेयेस शूटर्स हिल या टेकडीवर एक त्रिकोणी मनोरा उभारला आणि त्याला नाव दिले 'सेव्हर्नड्रूग कॅसल'. सेव्हर्नड्रूग म्हणजे आपला सुवर्णदुर्ग. तो मनोरा आजही उभा आहे.

तासाची वाटणी

आता प्रत्यक्ष वेळापत्रक. आदल्या संध्याकाळी दापोली किंवा हर्णैला मुक्काम असेल तर उत्तम. सकाळी प्रथम कनकदुर्गावर, दीपगृहाच्या टेकाडावर जावे. तेथून सारे बेट समोर दिसते. दरवाजा कोणत्या अंगाला असावा, होडी कोठे लागेल, याचा अंदाज तेथेच बांधावा. मग होडीत बसण्यापूर्वी तांडेलाला नमस्कार करून विचारावे, "मामा, पाणी कधी फिरणार? परत किती वाजता निघायचे?" ती वेळ सर्वांनी वहीत लिहावी. जितकी माणसे गेली तितकीच परतली, हे मोजण्याचे काम एकाकडे सोपवावे. होडीत अंगरक्षक जाकीट मिळेल ते घालावे, त्यात कमीपणा नाही.

बेटावर उतरल्यावर पहिली दहा मिनिटे सर्वांनी मिळून दरवाजा पाहावा. पुढची तीस मिनिटे प्रत्येक गटाने आपापल्या प्रश्नामागे जावे. आत झाडोरा फार वाढलेला असतो, पाऊल पाहून टाकावे, एकट्याने कोठेही जाऊ नये, तटाच्या कडेवर चढू नये. नंतरची दहा मिनिटे एका जागी गप्प बसण्यासाठी राखून ठेवावीत. समुद्राचा आवाज कोणत्या बाजूने येतो, वारा फिरला का, पाणी कोणत्या खडकापर्यंत चढले, हे तेव्हाच कळते. शेवटची दहा मिनिटे होडीची. होडी आपली वाट पाहत असली तरी भरती पाहत नाही.

डबा मात्र बेटावर उघडू नये. परत आल्यावर हर्णैच्या बंदरात जेवावे. मग संध्याकाळी तेथील किनाऱ्यावर मासळीचा लिलाव पाहावा. ज्या पाण्याचा अभ्यास आपण तासभर केला त्या पाण्यावर पोट असणारी माणसे तेथे भेटतात, आणि पाऊणकीचा हिशेब त्यांच्याकडून पुन्हा तपासून घेता येतो. रात्री झोपण्यापूर्वी ज्याने जे पाहिले ते लिहून काढावे. दुसऱ्या दिवसावर टाकलेले लिखाण बहुधा होत नाही, हे आपण सर्वच जाणतो.

हे सर्व कशासाठी?

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने 'मराठा लष्करी भूदृश्ये' या नावाने बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत रायगड, राजगड, प्रतापगड आहेत, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, खांदेरी आहेत, आणि आपला सुवर्णदुर्गही आहे. हा मान मोठा आहे. त्याबरोबर माणसांची वर्दळ वाढेल, होड्या वाढतील, आणि तासाभराचे पाहुणे हजारोंनी येतील. आठ एकरांच्या बेटाला ती गर्दी सोसेल की नाही, हे पुष्कळसे त्या पाहुण्यांवर अवलंबून आहे. पाण्याचा हौद म्हणजे काय हे ज्याला कळले तो त्यात बाटली टाकणार नाही. दगड मिठाने कसा मरतो हे ज्याने पाहिले तो त्यावर नाव कोरणार नाही. आणि दुरुस्तीच्या नावाखाली कोणी सिमेंट भरू लागला तर विचारणारा कोणीतरी लागेल, तो आपल्या महाविद्यालयातला असावा.

लंडनच्या टेकडीवर सुवर्णदुर्गाच्या नावाचा मनोरा गेली दोनशे चाळीस वर्षे उभा आहे. तो जिंकणाऱ्याची आठवण सांगतो. गमावणाऱ्याची आठवण सांगणारे आपल्याकडे काय आहे? मूळ गड आहे, आणि तो समोरच्या पाण्यात आहे. येत्या हिवाळ्यात सहलीची जागा ठरवताना वर्गप्रतिनिधींनी दिनदर्शिका काढून एखादी पंचमी शोधावी, इतकीच विनंती.